नंबराने घेतलेली हजेरी

उंबरमाळ
७ डिसेंबर २०२४

ललिताआत्या,

तुझा माणूस, म्हणजे आमचे मामा, काल बसमध्ये बसवून दिला, जसा दिलास तसा. पोच दे. पत्र बघून हसशील, पण इथे फोनला रेंज म्हणून नाही, खाली दुकानापाशीसुद्धा नाही. दापोड्याच्या गोदामातला तुझा शेजारी सागर दर आठवड्याला त्या दुकानात माल टाकायला येतो, तेव्हा आपला पोस्टमन म्हणजे सागर. भरलेला टेम्पो शेवटचा चढ चढत नाही, म्हणून नवशा चिठ्ठ्या खाली नेऊन देतो. नवशा म्हणजे प्रबंध लिहून होईपर्यंत मी ज्याच्या घरी राहते तो. फिरायला येणाऱ्यांसाठी त्याने आणि त्याच्या बायकोने, गोदूने, कातळाच्या कडेला दोन खोल्या काढल्यात.

सहल छान झाली. म्हाताऱ्यांना डोंगरावर फिरवून पीएचडी कशी मिळते असं तू विचारलं होतंस, ते परत सांगते, ह्या वेळी जांभई देऊ नकोस. ज्यांच्या विसरण्याला डॉक्टरांनी नुकतंच नाव दिलंय, सुरुवातीचा स्मृतिभ्रंश, अशा माणसांना दोन दिवस नव्या जागी नेलं तर डोकं जागं होतं का? पर्यटनाने निदान बदलतं का? एवढाच प्रश्न. सहलीआधी एक चाचणी, सहलीनंतर तीच चाचणी. नंतरची घेणं तुझ्याकडे. दवाखान्यातली नर्स रिटायर झाली तरी पेशंटला दटावायचं विसरत नाही, हे मला माहीत आहे.

मामा मजेत होते. गोदूने कालवणात मिरची कमी घातली म्हणून तिच्याशी भांडले, मग कातळावर पाय सोडून दरीकडे बघत बसले. एवढ्या शांततेत आपल्या कानात शिट्टी वाजते म्हणाले, आणि तेही लूमवरच्या आवाजात, ओरडून. सगळा डोंगर दचकला.

निघताना मात्र नवशाशी थोडं वाजलं. एथिक्स कमिटीची अट आहे की अभ्यासातल्या माणसांची नावं कुठे घ्यायची नाहीत, म्हणून नऊच्या नऊ जणांच्या छातीवर नंबरांचे बिल्ले होते. बसमध्ये मी नंबर पुकारत होते आणि मंडळी शाळेतल्यासारखी हात वर करत होती. नवशा दारात आडवा आला. नावानं हाक मारा म्हणाला. मी म्हटलं, दादा, नावं गुप्त असतात. तर म्हणतो, "नंबराला मानूस ओ देत न्हाय, बाय. हात वर करतंय ते नुसतं अंग हाय." ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हसून बस सोडली.

चाचणीचे कागद सोबत आहेत. कोणाला उत्तर सुचवू नकोस, अगदी मामांनाही.

तुझी,
पूर्वा


टेमघर, भिवंडी
१५ डिसेंबर

पूर्वाबाय,

पोच घे. पेटी पोचली, पण गोदामवाले म्हणतात तसं, उघडून माल तपासल्याशिवाय सही करू नये. मी तपासला आणि सही करावी की नाही ह्या विचारात आहे.

हे आल्यापासून फार चांगले वागताहेत. हसू नकोस. चहा थंड झाला तर पितात, गरम असला तर पितात. मिरचीचा ठेचा पानात वाढला तो तसाच राहिला, मागितलाही नाही आणि नकोही म्हणाले नाहीत. टीव्हीचा आवाज मी कमी केला तर रिमोटवरून भांडण नाही. आणि बोलतात केवढं हळू! सगळा जन्म कामतघरच्या लूमवर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात काढलेला माणूस, खडखडाटात कान गेलेले, ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या चाळीलाही ऐकवायचं. परवा मी ओट्यापाशी तोंडातल्या तोंडात पुटपुटले की तेल संपलं, तर बाहेरच्या खोलीतून "हो" म्हणाले. माझ्या हातातला डाव पडला.

तुझी चाचणी घेतली. तारीख, वार, महिना, सगळं बरोबर. घड्याळ काढायला सांगितलं तर असं गोल काढलं की छापून घ्यावं. शंभरातून सात-सात वजा करत ते खालपर्यंत गेले, मला मध्येच थांबवावं लागलं. गेल्या महिन्यात ह्याच माणसाने बाथरूम समजून शेजारणीच्या घराचं दार उघडलं होतं.

एकच चुकलं. "आपण आत्ता कुठे आहोत?" ह्या प्रश्नाला माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर बसून म्हणाले, "उंबरमाळ."

कामतघरला हौसाकडे गेले. तुझी सात नंबर. तिनेही सगळं बरोबर सांगितलं, सुनेचं माहेरसुद्धा, आणि कुठे आहोत विचारल्यावर म्हणाली, "उंबरमाळ." मग बाकीच्या सगळ्यांकडे फिरले. मी काही सुचवलं नाही, तुझी शपथ. नवांचं उत्तर एक.

तुझ्या शास्त्रात ह्याला काय म्हणतात ते कळव. मला आपलं बरं वाटत नाहीये.

आत्या


उंबरमाळ
२२ डिसेंबर

आत्या गं,

तुझी चिठ्ठी वाचून मी अंगणात नाचले, गोदूला वाटलं मला विंचू चावला. तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? हा आजार मागे फिरत नाही. औषधांनी फार तर त्याची चाल मंदावते. आणि इथे नऊ माणसं, फक्त दोन दिवसांची सहल, आणि सगळ्यांची चाचणी जवळजवळ पुरी! माझ्या गाइड रंजितामॅडम ठरल्याप्रमाणे वर येऊन तुझे कागद घेऊन गेल्या. त्या कधी कोणाचं कौतुक करत नाहीत, त्या मला म्हणाल्या की ह्यावर लगेच लेख पाठवू.

तो एक मार्क जातोय त्याचंही कारण असणार. नवी जागा मनावर इतकी खोल उमटली की तीच पुढे राहते. मॅडम म्हणाल्या, उलट हाच आपला पुरावा.

आणि मामा हळू बोलतात, भांडत नाहीत, ही तक्रार करणारी बायको भिवंडीत तू एकटीच असशील. जरा सुख घे की!

इकडची गंमत सांगते. गोदू रोज संध्याकाळी भाकरीचे तुकडे घेऊन कातळावर जाते. कुत्र्यांसाठी असेल म्हणून मी विचारलं नव्हतं. काल विचारलं, तर तिने कसनुसं बघितलं आणि म्हणाली, "तुमचीच मानसं हायत, तुमी इचारता?" गेल्या शनिवारी ठाण्याहून फिरायला आलेला एक जण मला तक्रार करून गेला की तुमचे म्हातारे तिकडे कड्यापाशी एकटे बसलेत, थंडी आहे, कोणीतरी लक्ष द्या. मी जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. नवशाने पर्यटकांसाठी भुताची गोष्ट काढली असेल, आजकाल त्याला गिऱ्हाईक असतं.

तरी तू मामांवर लक्ष ठेव. काही बदललं तर लिही, अभ्यासासाठी लागेल.

पूर्वा


टेमघर
२९ डिसेंबर

पूर्वा,

ह्या वेळी बाय-बिय काही नाही, कारण मी चिडले आहे.

सकाळी आंघोळ झाली की हे चपला घालून दारात खुर्ची टाकून बसतात. सहलीला नेलेली पिशवी मांडीवर. जेवायला हाक मारली की येतात, जेवतात, परत जाऊन बसतात. हौसाच्या सुनेचं, करिष्माचं, तेच रडगाणं: सासू बोचकं घेऊन उंबऱ्यात. काल माझं डोकं फिरलं, मी खुर्चीच उचलली. तर उभे राहिले. मी ओरडले, कोणाची वाट बघताय एवढी? तेव्हा म्हणाले, "बस लागली नाही अजून."

गोडीने म्हणाले. लग्नापासून हा माणूस माझ्याशी गोडीने बोलला नाही म्हणून मी जन्मभर कुरकुर केली. कोणीतरी ऐकलं वाटतं. नको होतं ऐकायला.

ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चाचणी घेतली, कागद बघून चष्मा काढला, म्हणाले, सुधारणा आहे, अशी केस मी पाहिली नाही. मी म्हटलं, सुधारणा आहे डॉक्टर, पण नवरा नाही. ते हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता मी सांगते ते नीट ऐक. माझी सासू पडघ्याकडची. जत्रेहून असो, लग्नाहून असो, परक्या गावाहून निघताना ती एकेकाला नावाने हाक मारायची, आणि "आलो", "आले" असं तोंडाने ऐकल्याशिवाय बैलांना हात लावू द्यायची नाही. मी नवी नवरी असताना लाजून ओ दिली नाही, तर सगळं वऱ्हाड उन्हात ताटकळत ठेवलं होतं. सगळे मला शिव्या घालत होते. कोणी चुकून मागे राहू नये म्हणून करते, एवढंच आम्हाला कळायचं. म्हातारीला आणखी काय ठाऊक होतं ते आम्ही विचारलंच नाही.

तू नंबर पुकारलेस. नवशा काय म्हणाला होता ते तूच मला हसत हसत लिहिलं होतंस. त्याला जाऊन विचार, आणि लेखबिख नंतर.

आत्या


उंबरमाळ
५ जानेवारी २०२५

आत्या,

मला राग आला आहे. तू स्वतः सरकारी दवाखान्यात नोकरी केलीस, लोकांना अंगारे-धुपारे सोडून औषध घ्यायला लावलंस, आणि आता तू हे लिहितेस? ह्या आजारात माणूस थंड पडतो, त्याची इच्छा जाते, हे कुठल्याही पुस्तकात आहे. नऊ जण एकमेकांना आधीपासून ओळखतात, एकाच तऱ्हेचं बोलू शकतात. वाट बघत बसणं हेही लक्षणच आहे. मी परंपरेचा मान ठेवते, पण

वरचं तसंच राहू दे. पुढचं दोन दिवसांनी लिहिते आहे.

काल सकाळी धुकं उतरलं होतं, इतकं की अंगणातली तुळशीची कुंडी दिसत नव्हती. मी कातळावर गेले. गोदूच्या मागे गेले, खरं सांगायचं तर. ती तुकडे ठेवून परतली, मी थांबले. आधी मला मामांचा आवाज आला. ओरडून, लूमवरचा. "पूर्वा, बस कधी लागते गं?"

ते पाय दरीकडे सोडून बसले होते. तू विणलेला मफलर होता. शेजारी बाकीचे ओळीने बसले होते, मला पाठी दिसत होत्या. छातीवर चार नंबरचा बिल्ला होता. आत्या, ते बिल्ले मी बसमध्येच काढून घेतले होते, ते माझ्या बॅगेत आहेत, मी येऊन मोजून पाहिले. मी "मामा" म्हटलं. त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि तसाच धरून ठेवला. मग सगळ्यांनीच वर केले. मी पळत आले. मला खूप भीती वाटली, आणि अजून वाटते आहे.

नवशाला विचारलं. तो चिडला नाही, सांगितलंच होतं असंही म्हणाला नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा कातळ माणसाला धरतो. पाड्यावरच्यांना नाही, ते इथलेच. फिरायला येणारे सुटतात, कारण निघताना ते एकमेकांच्या नावाने बोंबलत असतात, अरे शैलेश चल ना, उशीर होतो. ज्याला कोणी हाक मारत नाही त्याचं अंग तेवढं उतरतं. परत न्यायचं तर ज्याने आणलं त्याने हाक मारायची, नाहीतर घरच्याने. आणि पुरी हजेरी घ्यायची, एकट्याला उठवलं तर बाकीचे त्याला सोडत नाहीत.

म्हणजे मीच मारायला हवी. आणि मला मामा आणि तू लिहिलेली हौसा सोडून बाकीच्यांची नावं माहीत नाहीत. मी मुद्दामच माहीत करून घेतली नव्हती, तीच तर शिस्त. तू माणसं गोळा केलीस, तुला ठाऊक आहेत.

पण आत्या, मी हाक मारली तर काय होईल ते तुला कळतंय ना? ते परत विसरायला लागतील. मामा परत दुसऱ्याची दारं उघडतील, आणि वर्ष-दोन वर्षांत तुला ओळखणार नाहीत. तुझ्या घरात आज चांगला झालेला माणूस बसला आहे. माझ्या हातात लेख आहे, तो गेला की माझी सगळी वर्षं गेली, हेही खोटं कशाला बोलू. तू सांग. तू म्हणशील ते करते.

पूर्वा


टेमघर
१२ जानेवारी

पूर्वाबाय,

तुझं पत्र वाचलं आणि बाहेर ह्यांच्याकडे बघितलं. खुर्चीत बसले होते, माझ्याकडे बघून हसले. पाहुणा हसतो तसं. मी आत येऊन खूप रडले. बस कधी लागते म्हणून ओरडत होते म्हणालीस ना, तो आवाज मला ह्या घरात ऐकून महिना झाला.

मला विसरणारा नवरा पाठव. शेजारणीचं दार उघडणारा, मिरचीसाठी भांडणारा, उद्या मला न ओळखणारा, चालेल. मी रोज ओळख करून देईन. आजारी माणसाची सेवा मला येते, पोरी, तोच माझा धंदा होता. जे इथे बसलंय त्याची सेवा कशी करायची ते मला येत नाही. बाकीच्यांच्या घरी विचारलं. सगळ्यांनी हेच सांगितलं, करिष्माने तर माझे पाय धरले.

नावं लिहिते, पण आधारकार्डावरची नको घेऊस. त्या नावाला कोण ओ देतं? हौसाचं कार्डावर यशोदा आहे, ते तिलाच आठवत नाही, तिला हौसाच म्हण. राघो मास्तरांना मास्तर म्हणू नकोस, त्यांची आई राघू म्हणायची, तेच म्हण. बाकीच्यांची मागच्या पानावर लिहिली आहेत, जसं घरात म्हणतात तसं. म्हणताना घाई करू नकोस. तोंडाने ओ आली की मगच पुढचं.

आणि चार नंबर म्हणजे दौलत.

लिहिलं बघ. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर हे नाव मी घेतलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा दुसऱ्याकडून सांगवायचे. तू मात्र दौलतमामा म्हणू नकोस, नुसतं दौलत म्हण, मोठ्याने म्हण, त्यांना कमी ऐकू येतं. मान-अपमान नंतर बघू.

तुझी पीएचडी बुडाली तर मी आहे. दादा-वहिनी गेल्यापासून तू माझीच आहेस, आम्हाला दुसरं कोण आहे?

आत्या


उंबरमाळ
१९ जानेवारी

आत्या,

झालं. सगळे आले.

सकाळी धुक्यात गेले. नवशा मागे उभा होता. पहिलं नाव मोठ्याने घेतलं. हौसा म्हटलं, तर एक पाठ हलली आणि बाईचा आवाज आला, "आले गं, किती वेळ लावलास!" आणि ती जागा रिकामी झाली. असं एकेक. राघूला तीनदा हाक मारावी लागली, मग ते रडल्यासारखं "आलो" म्हणाले. मामांचं शेवटी घेतलं. मी ओरडले, दौलत! तर मामा केवढ्याने खेकसले, "अगो, आलो, बहिरा हाय काय मी?" मला हसूच आलं, आणि मग कातळावर कोणी नव्हतं. नुसता दगड. मी कितीतरी वेळ तिथेच बसून होते, पाय सोडून. इतकं शांत वाटत होतं.

रंजितामॅडमना लेख परत घ्यायला लिहिलं आहे. कारण काय देऊ ते कळत नव्हतं, नुसतं लिहिलं की हजेरीत चूक झाली.

ही चिठ्ठी आज ठाण्याला परतणाऱ्या एकाबरोबर पुढे धाडते; उद्या सागरच्या टेम्पोने निघते, तुझ्याकडे जेवून पुण्याला जाईन. नवशा म्हणतो एकटी उतरू नका, घरचं माणूस बोलवा, तोवर थांबा. मी त्याला म्हटलं, दादा, अभ्यास त्यांचा होता, मी त्यात नाही. मी काही म्हातारी नाही आणि मला काही विसरायला झालेलं नाही. मला आणलंही कोणी नाही, माझी मी आले, माझी मी जाईन.

ठेचा करून ठेव. मला नाही, मामांना.

पूर्वा


टेमघर
२ फेब्रुवारी
(पुण्याच्या होस्टेलच्या पत्त्यावर)

पूर्वाबाय,

फोनवर तू नुसती "हो, हो" करतेस, म्हणून परत कागदच घेतला. आणि सवयही लागली.

हे आले, पूर्वा. तू हाक मारलीस त्याच सकाळी, मी भाकरी थापत होते आणि बाहेरून बोंब आली, "च्यायला, ह्या घरात मानसाला च्या मिळतो का न्हाय?" मी पिठाच्या हातांनी धावले. चपला काढून फेकल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाले, तू कोण गं, दवाखान्यातली का? मी हो म्हटलं. रडत रडत हो म्हटलं. दोन दिवसांनी ओळखलं, परत विसरले, परत ओळखलं. काल चाचणी घेतली तर घड्याळाला काटे तीन काढले. पण आपण कुठे आहोत विचारलं, तर खिडकीतून बघून म्हणाले, "टेमघर, आनि काय लंडन हाय?" करिष्माची सासू सुनेला परत शिव्या घालते. करिष्मा पेढे घेऊन आली होती.

तुझं मात्र मला कळेना. त्या दिवशी दमून आली होतीस म्हणून बोलले नाही. एवढी मोठी गोष्ट करून आलीस आणि एक शब्द सांगितला नाहीस. जेवलीस, वाढलं तेवढं. माझी भांडी न सांगता घासलीस, जन्मात कधी घासली नव्हतीस. ह्यांनी तुला ओळखलं नाही तर तुला वाईटही वाटलं नाही. मी ओट्यापाशी पुटपुटले की पोरगी फार वाळली, आणि तू बाहेरून "हो" म्हणालीस.

थंडी बाधली असेल. डोंगरावर राहून येणाऱ्यांना बाधते. काढा घे आणि मला नीट पानभर पत्र लिही.

आत्या


उंबरमाळ
९ फेब्रुवारी

आत्या,

सागर अजून आला नाही. उद्या येतो म्हणून मी तुला लिहिलं, आणि बॅग भरून बसले आहे. धुकं उठत नाही, त्यामुळे दिवस कोणता ते नीट कळत नाही, वर घातलेली तारीख नवशा कोणाला तरी सांगत होता ती ऐकून लिहिली.

मामा पोचले का? मिरचीवरून भांडले का? मला फार वाटतं की तू काहीतरी लिहावंस.

नवशा आणि गोदू माझ्याशी बोलत नाहीत. काय चुकलं ते विचारलं, तर ऐकलं न ऐकलंसं करतात. माझ्या खोलीत परवा ठाण्याची माणसं उतरली. मी म्हटलं चालेल, मी बाहेर बसते, तसंही मला निघायचंच आहे. गोदू संध्याकाळी भाकरी आणून ठेवते आणि माझ्याकडे न बघता जाते. आज ठेवताना रडत होती.

कातळावर बरं वाटतं. पण एकटं वाटतं. सागरला सांग ना, पूर्वा वर थांबली आहे.

पूर्वा


टेमघर
१६ फेब्रुवारी

पूर्वा,

हे पत्र मी पाठवत नाही. तुझ्या मांडीवर ठेवून जाते आहे. डोळ्यांत ओळख आली की आधी हे वाच, मग घाबर.

गेल्या आठवड्यात मला तुझी दोन पत्रं आली. एक पुण्याहून, पोस्टाने. सुबक अक्षर, दोन ओळी: "मी बरी आहे. इथे उंबरमाळला थंडी आहे." दुसरं सागरने दिलं. त्याच्या हातात कोणी दिलं नव्हतं, रिकाम्या टेम्पोत सीटवर सापडलं. अक्षर तेच, पण ते दुसरं पत्र तुझं होतं, मला वाचल्या वाचल्या कळलं.

पुण्याला जाऊन तुला घेऊन आले. होस्टेलवाल्या मॅडम म्हणाल्या, इतकी गुणी मुलगी नाही, हल्ली तर काहीच मागत नाही. तुला समोर बसवून तुझीच चाचणी घेतली. आपण कुठे आहोत ते मी विचारलं आणि तू काय म्हणालीस ते लिहायची गरज नाही. आत्ता तू पलंगावर बसली आहेस, चपला घालून, बॅग मांडीवर. मी लिहिते आहे आणि तू माझ्याकडे बघून हसते आहेस. नको हसूस, बाय.

सागरला मुद्दाम जादा फेरी मारायला लावून नवशाला निरोप धाडला होता, त्याचं उत्तर आलं. तो म्हणतो, तिला कोणी आणलं नव्हतं, तर आता घरच्यानेच यावं. अंग वर आणू नका, एकदा दोन्ही तिथे भेटली की उतरायचं नाव घेत नाहीत. म्हणून करिष्मा तुझ्यापाशी बसेल आणि मी जाते. दादा असता तर तो गेला असता. पण हाक मारायचा पहिला हक्क माझाच आहे. बारशाला तुला मांडीवर घेऊन तुझ्या कानात नाव मी सांगितलं होतं, तुला आपलं नाव कळायच्या आधी ते माझ्या तोंडात होतं. मी हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस, असं होणार नाही.

आता माझं. नवशाने आणखी एक सांगून पाठवलंय, की हाक मारायला येणारीलाही खाली बोलावणारं कोणीतरी घरचं पाहिजे, दोघी अडकायला नको. घरचं म्हणजे माझं कोण? तू वर, आणि हे. म्हणून ह्यांना घेऊन जाते. खाली टेम्पोपाशी उभं करेन, माझं नाव घेऊन ओरडा म्हणेन. ओरडायला ह्यांच्यासारखा माणूस भिवंडीत नाही.

तरी उद्या मी परत आले आणि तुला माझं वागणं फार गोड वाटलं, चहाला नाव ठेवलं नाही, तुला एकदाही दटावलं नाही, तर वेळ घालवू नकोस. उंबरमाळला ये आणि मला हाक मार. आत्या म्हणू नकोस. ललिता म्हण, मोठ्याने, लाजू नकोस.

सकाळपासून ह्यांच्याकडून घोकून घेते आहे. एकदा बरोबर सांगितलं, एकदा त्यांच्या गेलेल्या बहिणीचं सांगितलं, एकदा नर्सबाई म्हणाले. ह्यांनी तरी मला कधी नावाने हाक मारली होती? आत्ता निघताना परत विचारलं, माझं नाव काय? माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "अगं, असं काय इचारतेस?"

सागर हॉर्न वाजवतो आहे. वाटेत परत विचारते.

ललिता